‘ध’चा ‘मा’ : भाषेने दिलेला निकाल

नगरहून मनमाडच्या रस्त्याला लागले की सीना नदीच्या काठचे नागापूर येते. गाव जुने, पण आता त्याची ओळख एमआयडीसीमुळे. इथल्या कारखान्यांत पाथर्डी-शेवगावची, पारनेर-नेवाशाची माणसे कामाला आहेत, तशीच उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेलीही आहेत. अशा ठिकाणी ऑर्डरमधल्या पंधरा नगांचे दीडशे झाले, किंवा ‘माल पाठवू नये’ या निरोपातला ‘नये’ वाटेत गळून पडला, की कुणीतरी म्हणतोच, ‘यात धचा मा कुणी केला?’ मराठी माणसाला पुढे काही सांगावे लागत नाही. बाहेरून आलेल्याचा मात्र गोंधळ होतो. त्याला ‘ध’ वाचता येतो, ‘मा’ही वाचता येतो, दोन्ही मिळून काय झाले, ते कळत नाही. वाक्प्रचाराचे लक्षणच हे, की त्याचा अर्थ शब्दांची बेरीज करून हाती लागत नाही.

अर्थ समजावून द्यायला मिनिटभर पुरते. छोटासा बदल करून मजकुराचा अर्थच फिरवणे, म्हणजे धचा मा करणे. पण ऐकणारा चौकस असेल तर लगेच विचारतो, ‘ध’च का, आणि ‘मा’च का? मग गोष्ट सांगावी लागते. राघोबादादांनी गारद्यांना चिठ्ठी दिली, ‘नारायणरावास धरावे.’ आनंदीबाईने त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ केला. झाले ‘मारावे’. गारद्यांनी पेशव्याला मारले.

ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते आणि पुढे मुलांना सांगतो. सांगताना आपण एका स्त्रीवर खुनाचा आरोप सिद्ध झाल्याचे जाहीर करत असतो, हे मात्र कुणाच्या मनात येत नाही. योगायोग असा, की नागापूरवरून जाणारा हाच रस्ता पुढे राहुरी, कोल्हार, शिर्डी करत शंभरेक किलोमीटरवर कोपरगावला पोचतो. त्या चिठ्ठीमुळे ज्या दोघांची नावे कायमची जोडली गेली, त्यांच्या आयुष्याचा उतार याच जिल्ह्यात, गोदावरीकाठच्या कोपरगावात गेला. म्हणून हा वाक्प्रचार जरा थांबून तपासण्याजोगा आहे. तो इतिहास सांगतो की इतिहासावर निकाल देतो?

वाक्प्रचार साक्षीदार असतात का?

मराठीत सतराव्या-अठराव्या शतकाने ठेवलेली भाषेची ठेव मोठी आहे. पानिपत होणे, अटकेपार झेंडा लावणे, बारभाईचा कारभार, साडेतीन शहाणे, मोगलाई माजणे, शिक्कामोर्तब होणे. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’ची पाने उलटली तर अशी कितीतरी सापडतात. ती वाचताना वाटते, लोकांनी इतिहास तोंडी जपून ठेवला. हे अर्धेच खरे आहे. या सगळ्यांची साक्ष सारख्या वजनाची नाही.

‘शिक्कामोर्तब’ घ्या. याची साक्ष पक्की आहे, कारण ती कागदावर आजही दिसते. मराठेशाहीतल्या राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असे मोर्तब असते. पत्राची मर्यादा इथे संपली, हा त्याचा अर्थ. त्यामुळे खाली कुणी आणखी एक ओळ घुसडली तर ती उघडी पडे. एखाद्या गोष्टीवर शिक्कामोर्तब झाले, आता बदल नाही, असे आपण म्हणतो तेव्हा दफ्तरातली ती रीत जशीच्या तशी बोलत असतो.

दुसरे उदाहरण ‘संक्रांत येणे’ किंवा ‘संक्रांत कोसळणे’. याचे मूळ पानिपतात आहे, असे पुष्कळ जण छातीठोक सांगतात. लढाई 14 जानेवारी 1761 ची, संक्रांतही 14 जानेवारीची, त्या दिवशी मराठ्यांवर घाला पडला, म्हणून संक्रांत म्हणजे संकट. ऐकायला हे चोख वाटते. पण संक्रांत इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. सूर्याच्या निरयन मकर राशीतल्या प्रवेशावर ती ठरते आणि साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि त्याची तारीख 12 जानेवारी 1863. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेलो, तर 1761 ची संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास पडते. म्हणजे लढाई झाली तेव्हा तिळगूळ वाटून तीन-चार दिवस उलटले होते.

मग संक्रांत वाईट का? उत्तर पंचांगात आहे. संक्रांत ही तिथे देवी आहे. दरवर्षी तिचे वाहन, वस्त्र, शस्त्र, ती कुठून येते, कुठे जाते आणि कोणत्या दिशेला पाहते, हे दिलेले असते. ती जिकडे पाहते तिकडे पीडा, जे वापरते ते महाग, अशी समजूत. एखाद्यावर संक्रांत येणे म्हणजे तिची नजर त्याच्याकडे वळणे. वाक्प्रचाराचा अर्थ एवढ्याने पुरता उलगडतो. पानिपताची आठवण त्याला नंतर येऊन चिकटली. एवढ्या मोठ्या दुःखाला भाषेत जागा हवी होती आणि तारखेने ती आयती मिळवून दिली.

पानिपताची वाट नगरवरूनही जाते. 1759 मध्ये निजामाचा किल्लेदार कवी जंग याने पैसे घेऊन नगरचा किल्ला पेशव्यांच्या हवाली केला. त्यातून निजामाशी युद्ध पेटले, 1760 च्या सुरुवातीला उदगीरला विजय मिळाला आणि तिथला विजयी सेनापती सदाशिवरावभाऊ त्याच वर्षी उत्तरेकडे निघाला. पुढे त्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली तीसुद्धा आडवळणाच्या भाषेत. एका सावकारी पत्रात मोती गळाल्याचे, मोहरा हरवल्याचे लिहिले होते. मोती म्हणजे घरचे तरुण आणि मोहरा म्हणजे सरदार. ही लाक्षणिक भाषा कुणी हौसेने वापरली नव्हती. परमुलखातून जाणारे पत्र वाटेत कुणीही उघडले असते.

तेव्हा वाक्प्रचारांच्या बाबतीत दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. तो वापरला कसा जातो, हा एक. त्याची म्हणून जी गोष्ट सांगतात ती घडली का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बोलणाऱ्यांकडे असते. दुसऱ्याचे कागदांकडे मागावे लागते.

30 ऑगस्ट 1773

आता चिठ्ठीकडे येऊ. थोरले माधवराव 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला वारले. धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. तो वयाने लहान, स्वभावाने उतावळा. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. पेशवाई आपल्याला मिळावी ही त्यांची इच्छा माधवरावांच्या काळापासून सर्वांना ठाऊक होती. त्यापायी काका-पुतण्यांत लढायाही झाल्या होत्या.

गणेशोत्सवाचे दिवस होते. 30 ऑगस्ट 1773 रोजी दुपारी सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ हे गारद्यांचे पुढारी शिपाई घेऊन वाड्यात घुसले. निमित्त थकलेल्या पगाराचे. नारायणराव धावत काकांच्या महालात गेला आणि त्यांना मिठी मारून प्राण वाचवण्याची विनवणी करू लागला. दादांचा सेवक तुळाजी पवार याने त्याला ओढले आणि तिथेच त्याला कापून काढण्यात आले. तो अठरा वर्षांचा होता. वाड्यातली इतरही माणसे त्या दिवशी मारली गेली.

यानंतर राघोबादादा पेशवे झाले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि दोष थेट राघोबादादांवर ठेवला. या पापाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी सांगितल्याचे परंपरा मानते. हे राज्य चालणार नाही, अशा भावनेने ते पुणे सोडून वाईजवळ जाऊन राहिले. बारभाईंनी दादांविरुद्ध मसलत उभी केल्यावरच ते परत आले.

मग ‘धरावे-मारावे’ची गोष्ट येते कुठून? ती ठसठशीतपणे मांडणारा प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे जेम्स ग्रँट डफ याचा 1826 साली छापलेला मराठ्यांचा इतिहास. तो सांगतो ते असे : पकडण्याचा हुकूम दिल्याचे दादांनी रामशास्त्र्यांजवळ कबूल केले, मारण्याचा दिल्याचे नाकारले. पुढे मूळ कागद रामशास्त्र्यांच्या हाती लागला, त्यात शब्द बदललेला दिसला, आणि तो बदल आनंदीबाईने केला असे सगळे मानतात.

यातले तीन तुकडे वेगळे करून पाहावेत. दादांनी हुकूम दिला, हे स्वतः दादांचे म्हणणे. कागदात शब्द बदललेला होता, ही पाहिलेली गोष्ट म्हणून सांगितलेली. आणि बदल आनंदीबाईने केला, हा सर्वांचा समज. ग्रँट डफनेही तिसरा तुकडा समज म्हणूनच दिला आहे. तिला लिहिताना कुणी पाहिले, अक्षर तिचे म्हणून कुणी ओळखले, असे तो म्हणत नाही. घटनेला तेव्हा पन्नास वर्षे होऊन गेली होती. ती चिठ्ठी आज कुणी समोर ठेवू शकत नाही.

एका अक्षराचा हिशेब

एक बारीक गोष्ट सहसा कुणी पाहत नाही. ‘धरावे’चे ‘मारावे’ करायला एक अक्षर बदलून भागत नाही. ‘ध’ला काना नाही. ‘ध’ खोडून ‘म’ करायचा आणि शेजारी काना बसवायचा, अशी दोन कामे करावी लागतात. पत्रव्यवहार मोडी लिपीत चाले. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून तिला अक्षरे लटकवत जायची. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, लेखणी शक्यतो उचलायची नाही. अशा लगटून लिहिलेल्या ओळीत नवा काना बसवला तर दाटी दिसणारच. म्हणून ते अशक्य होते असे नाही. घाईतल्या गारद्याने बारकाईने पाहिलेही नसेल. पण सहज फिरवलेली लेखणी आणि फिरलेले नशीब, असे जे चित्र आपल्या मनात असते, ते जरा जास्तच सोपे आहे.

त्या काळातली माणसे अशा फेरफाराबाबत बेसावधही नव्हती. हुंडीत रक्कम लिहिताना आकडा देत, अक्षरी देत आणि शिवाय त्याची निम्मी रक्कमही लिहीत : रुपये शंभर, निमे पन्नास, त्याचे दुप्पट शंभर. एक शून्य वाढवून कुणाची फसवणूक करता येऊ नये म्हणून. राजपत्राला मोर्तब होते, हुंडीला निमे होते. दादांच्या चिठ्ठीला यातले काहीच असणे शक्य नव्हते. ती कैदेतल्या माणसाने गुपचूप दिलेली होती. तिच्यावर शिक्का कुठून येणार? सगळी मदार एका शब्दावर आणि देणाऱ्याच्या तोंडच्या सांगण्यावर.

माझ्या मते या वाक्प्रचारातला खरा इतिहास इथे आहे. ज्या राज्यात कागदावर जमीन मिळते, वतन जाते, फौज हलते आणि माणूस मरतो, त्या राज्यातल्या लोकांना एका अक्षराचे भय कळलेले असते. ते भय ‘धचा मा’ने नेमके पकडले. म्हणून पेशवाई गेली, मोडी गेली, तरी तो टिकला. आज कारखान्यातल्या चलनाला तो लागतो, पुढाऱ्याच्या भाषणाच्या कापलेल्या चित्रफितीला लागतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना बदललेल्या बातमीलाही लागतो. जे भय तो सांगतो ते खरे आहे. ज्या व्यक्तीकडे तो बोट दाखवतो, तिच्याबद्दल मात्र त्याच्याकडे पुरावा नाही.

फायदा कुणाचा?

कोणत्याही चौकशीत विचारावा असा एक साधा प्रश्न इथे विचारून पाहू. ही गोष्ट खरी मानली तर सुटतो कोण?

राघोबादादा सुटतात. पूर्ण नाही, पण बरेचसे. खुनी काका जाऊन त्यांच्या जागी पुतण्याला फक्त कैद करू पाहणारा, बायकोच्या आहारी गेलेला, दुबळा काका येतो. रामशास्त्र्यांनी ज्याच्यावर दोष ठेवला त्याची शिक्षा भाषेने कमी केली आणि उरलेली त्याच्या पत्नीच्या नावे लिहिली. जणू रामशास्त्र्यांच्या निकालावर अपील झाले आणि वरच्या कोर्टात आरोपीच बदलला.

चिठ्ठीत काहीही लिहिलेले असो, खून दादांच्या डोळ्यांसमोर झाला. पुतण्याने त्यांनाच मिठी मारली होती. त्या वेळी धरावे आणि मारावे यांतला फरक सांगायला त्यांच्याजवळ कागद लागत नव्हता. तोंड उघडणे पुरेसे होते. त्यांनी पुतण्याला संरक्षण दिले नाही, याची नोंद ग्रँट डफनेही घेतली आहे. वाक्प्रचारात मात्र हा प्रसंग नाहीच. तिथे फक्त लेखणी आहे, आणि लेखणी बाईच्या हातात आहे.

आनंदीबाई निर्दोष होत्या असे ठरवायचा हा खटाटोप नाही. त्या महत्त्वाकांक्षी होत्या, कारभारात लक्ष घालत होत्या, नवऱ्याला पेशवाई मिळावी असे त्यांना वाटत होते, आणि या कटाशी त्यांचा संबंध असल्याचा संशय लोकांना होता. पण संशय ही एक गोष्ट आणि ‘हिने हे अक्षर बदलले’ ही दुसरी. महत्त्वाकांक्षा तर दादांनाही होती. त्यांच्या महत्त्वाकांक्षेने राघोभरारी हे नाव मिळवले, लाहोर-अटकेच्या मोहिमेचे यश मिळवले. ‘अटकेपार झेंडा’ या वाक्प्रचारामागे 1758 मधली मराठी फौजांची मोहीम आहे आणि तिचे नेतृत्व याच रघुनाथरावांचे होते. एकाच घरातल्या दोघांना मराठी भाषेने एकेक वाक्प्रचार दिला. नवऱ्याला पराक्रमाचा, बायकोला कपटाचा.

त्यात पुढे रंगभूमीने भर घातली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक 1909 चे. राघोबा, आनंदीबाई आणि रामशास्त्री यांच्यातला संघर्ष त्याच्या केंद्रस्थानी आहे. 1944 मध्ये प्रभातचा ‘रामशास्त्री’ हा चित्रपट आला. नाटकाला खलनायिका मिळाली की गोष्ट उभी राहते, हे नाटककाराचे गणित चुकीचे म्हणता येणार नाही. पण प्रेक्षक घरी जाताना नाटक घेऊन जातो आणि शाळेत वाक्प्रचार शिकतो. दोन्हींत एकच नाव असल्यावर तिसरीकडे पुरावा शोधायची गरज त्याला वाटत नाही.

कोपरगाव

खुनानंतरच्या घडामोडी दादांच्या मनाप्रमाणे घडल्या नाहीत. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदरावर सुरक्षित नेले आणि 18 एप्रिल 1774 रोजी तिला मुलगा झाला. तोच सवाई माधवराव. दादा सुरतेला इंग्रजांकडे गेले, 1775 चा तह केला, त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध ओढवले. 1782 च्या सालबाईच्या तहाने ते संपले. दादांना नेमणूक मिळाली, पेशवाई मिळाली नाही. ते कोपरगावला येऊन राहिले आणि 1783 च्या डिसेंबरात तिथेच वारले.

आनंदीबाई तेव्हा गरोदर होत्या. 1784 मध्ये त्यांना चिमाजी हा मुलगा झाला. थोरला बाजीराव नऊ वर्षांचा होता. पुढची कितीतरी वर्षे त्या मुलांसह पुणे दरबाराच्या नजरेखाली राहिल्या. आधी कोपरगावला, मग नाशिकजवळ आनंदवल्लीला. तिथे 1794 मध्ये त्या वारल्या. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव म्हणून पेशवा झाला. त्यांच्यावर नजर ठेवणारे नाना फडणवीस, साडेतीन शहाण्यांतले अर्धे, 1797 च्या अखेरीस पकडले गेले आणि नगरच्या किल्ल्यात कैदेत पडले. त्या घराण्याचे आणि दरबाराचे कितीतरी धागे या एका जिल्ह्यात येऊन गुंततात.

कोपरगावात आजही राघोबादादांचा वाडा दाखवतात. वाडा दादांच्या नावाने ओळखला जातो. आनंदीबाईंच्या नावाने गावोगाव ओळखला जातो तो वाक्प्रचार.

भाषेतून वाक्प्रचार काढून टाकता येत नाहीत, आणि ‘धचा मा’ काढूही नये. त्याच्याइतक्या थोडक्यात ती गोष्ट सांगणारे दुसरे काही मराठीत नाही. बदलायचे तर त्याच्यामागून येणारे स्पष्टीकरण बदलता येईल. वर्गात मुलाने किंवा कारखान्यात नव्याने मराठी शिकणाऱ्याने ‘ध’च का असे विचारले, तर एकाऐवजी दोन वाक्ये सांगावीत. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या चिठ्ठीत ‘धरावे’चे ‘मारावे’ केले गेले, असे म्हणतात. ते कुणी केले याचा पुरावा नाही; न्यायाधीशाने दोष राघोबादादांवर ठेवला होता.

‘असे म्हणतात’ हे दोन शब्द वाटेत कुठेतरी गळाले, आणि संशयाचा निकाल झाला. कागदावरच्या ‘ध’चा ‘मा’ कुणी केला ते आता कळणार नाही. हा दुसरा फेरफार मात्र आपल्या सगळ्यांच्या तोंडून झाला आहे, आणि तो दुरुस्त करता येतो.